मनोविकार आणि विवेक : मराठी ख्रिस्ती परंपरेतील मनोनियमनाचा विचार

१. विषय आणि क्षेत्र

‘मनोविकार’ या मराठी शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी गद्यात राग, लोभ, भय, शोक, प्रीती, मत्सर या सर्वांचे सामान्य नाव म्हणून हाच शब्द योजिलेला आढळतो. त्यात रोगाचा निर्देश नव्हता. मनाच्या मूळ स्थितीत झालेला पालट, एवढाच त्याचा अर्थ होता. आज तोच शब्द मनाच्या आजारासाठी रूढ झाला आहे व जुन्या अर्थासाठी आपण ‘भावना’ हा शब्द वापरतो. हा पालट केवळ कोशकारांच्या आस्थेचा विषय नव्हे. शोक आणि व्याधी यांच्यामधील सीमारेषा जेथे पुसट होते, तेथे दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. एक तर शोकाकुल माणसाला रोगी ठरविले जाते. नाही तर खऱ्या रोग्याला ‘मन घट्ट कर’ असे सांगून परत पाठविले जाते. धर्मनिष्ठ समाजात या दुसऱ्या अनर्थाला अधिक धार येते, कारण तेथे मनाच्या दुखण्याचे मूळ श्रद्धेच्या उणेपणात शोधण्याचा मोह सहज होतो.

ख्रिस्ती परंपरेने विचार व भावना यांच्या नियमनाविषयी वस्तुतः काय सांगितले, ते मराठी भाषेत कोणत्या शब्दांनी उतरले, आणि आजच्या ग्रामीण ख्रिस्ती जीवनात त्याचा उपयोग कोठवर आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यातले कोडोली हे गाव डोळ्यांसमोर ठेविले आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने १८५२ साली कोल्हापुरात कार्य आरंभिले. १८७० मध्ये ते अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाकडे आले. आणि कोल्हापूर शहराबाहेर पुढे जी ठाणी स्थापन झाली त्यांत कोडोलीची गणना होते. उपासनामंदिर आणि रुग्णालय एकाच गावी असणे, ही कोडोलीची आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट होय. पाळक आणि वैद्य यांची क्षेत्रे कोठे मिळतात व कोठे वेगळी होतात, हा प्रश्न अशा गावात ग्रंथात राहत नाही, तो दाराशी येतो. शिवाय एका बाजूस जोतिबाचा डोंगर, दुसऱ्या बाजूस वारणेचे खोरे आणि भोवती वारकरी भजनाची परंपरा असल्यामुळे येथील ख्रिस्ती माणसाची मनाविषयीची भाषा शास्त्रातून जितकी आली, तितकीच शेजारातूनही आली आहे.

२. शास्त्रातील शब्द आणि मराठी रूपे

पहिला प्रश्न असा की, विचार आणि भावना यांना ख्रिस्ती शास्त्र दोन स्वतंत्र सत्ता मानते काय? इब्री भाषेत ‘लेव्’ म्हणजे हृदय हा शब्द ज्या अर्थाने येतो तो पाहिल्यास उत्तर नकारार्थी द्यावे लागते. इब्री मनुष्य हृदयाने दुःखी होतो, आणि विचारही हृदयानेच करतो; संकल्पही तेथेच होतो. मराठी भाषांतरकारांनी या स्थानी ‘अंतःकरण’ हा शब्द योजिला, आणि तो फारच समर्पक ठरला. आपल्या दार्शनिक परंपरेत अंतःकरणाचे मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार असे चार विभाग मानिले आहेत. म्हणजे विचार व भाव हे एकाच साधनाचे व्यापार होत, ही समजूत शब्दातच अंतर्भूत आहे. ‘डोक्याने विचार व छातीने भावना’ ही अलीकडची विभागणी या दोन्ही परंपरांना परकी आहे.

दुसरा शब्द ‘कळवळा’. लोकसमुदाय पाहून ख्रिस्ताच्या मनात जी करुणा उत्पन्न झाली तिला शुभवर्तमानात जे ग्रीक क्रियापद आहे, त्याचे मूळ आतड्यांच्या वाचक शब्दात आहे. मराठीतही ‘आतडे तुटणे’, ‘पोटात कालवणे’, ‘आतड्याची माया’ हे प्रयोग त्याच शरीरानुभवातून आले आहेत. त्या क्रियापदासाठी मराठी भाषांतरात ‘कळवळा’ हा संतवाङ्मयाने घरोघरी पोहोचविलेला शब्द आला, तेव्हा एक सिद्धान्तही नकळत मराठीत आला. तो असा की, ज्या पुरुषाला ख्रिस्ती समाज निष्पाप मानतो त्याच्याही पोटात कालवते. भावना असणे हा दोष असता, तर हे वर्णन संभवलेच नसते. लाजराच्या कबरेशी येशू रडला, गेथशेमाने बागेत तो व्याकूळ झाला, मंदिरातील व्यापार पाहून तो कोपला. या प्रसंगांनी भावनाशून्यतेचा आदर्श ख्रिस्ती शास्त्रात मूळ धरू दिला नाही.

तिसरा शब्द ‘पश्चात्ताप’. मूळ ग्रीक शब्द ‘मेतानोइया’ याचा धात्वर्थ मन पालटणे, विचाराची दिशा बदलणे असा आहे. संस्कृत-मराठी ‘पश्चात्ताप’ या शब्दाचा धात्वर्थ मागाहून होणारा ताप असा आहे. मूळ शब्द विचाराकडे बोट दाखवितो, तर मराठी शब्द भावनेकडे. परिणामी मराठी श्रोत्याला असे वाटणे स्वाभाविक आहे की, जितके अधिक रडू तितका पश्चात्ताप खरा. वास्तविक प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन प्रकारच्या दुःखांतील भेद दाखविला आहे. एक दुःख मनुष्याला पालटाकडे नेते, दुसरे मरणाकडे. ताप होणे पुरेसे नाही, त्या तापाने माणूस कोठे वळला हे पाहावयाचे असते. पेत्र आणि यहूदा या दोन शिष्यांच्या कथा या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. चूक दोघांची झाली, खेद दोघांनाही झाला. एक परत फिरला, दुसऱ्याला परतीची वाट आहे हा विचारच करता आला नाही.

३. विचारांची पारख

विचारांच्या नियमनाची पद्धतशीर मांडणी ख्रिस्ती जगात प्रथम इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी केली. त्यांपैकी एवाग्रियस पोंटिकस याचे स्थान विशेष आहे. कॉन्स्टँटिनोपल येथील मानाचे पद सोडून तो वाळवंटात गेला आणि ३९९ साली तेथेच वारला. मनुष्याला त्रास देणाऱ्या विचारांचे त्याने आठ वर्ग केले : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, लौकिकाची हाव आणि गर्व. या यादीचेच पुढे जॉन कॅसियन याने पश्चिमेत वहन केले, आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने तिला जे रूप दिले त्यातून ‘सात प्रमुख पातके’ निघाली. या स्थित्यंतरात एक महत्त्वाची गोष्ट मागे पडली. एवाग्रियसच्या यादीतील आठ नावे पातकांची नव्हती, विचारांची होती. विचार मनात येणे माणसाच्या हाती नाही. त्याला आत मुक्काम करू द्यावयाचा की नाही, हे मात्र काही अंशी त्याच्या हाती आहे, असे त्याचे मत होते. दारात आलेला पाहुणा आणि घरात ठाण मांडलेला पाहुणा यांत जो भेद आपण करतो, तोच हा भेद होय.

या भेदाचे व्यावहारिक मोल फार आहे. आजाऱ्याची अनेक वर्षे शुश्रूषा करणाऱ्या सुनेच्या मनात ‘यांची सुटका झाली तर बरे’ असा विचार क्षणभर चमकून जातो आणि मग ती त्या विचारापायी स्वतःला पापी समजून झुरते. एवाग्रियसच्या दृष्टीने तेथे अद्याप पातक घडलेलेच नाही. विचार आला, तो ओळखला, त्याला नाव दिले. त्याच्या मुळाशी द्वेष नसून थकवा आहे हे दिसले, म्हणजे अर्धे काम झाले. त्याने उबगाचे जे वर्णन केले आहे तेही असेच सूक्ष्म आहे. भर दुपारी सूर्य जणू जागचा हलत नाही, तपस्वी वारंवार खिडकीबाहेर डोकावतो, जेवणाची घटका अजून किती दूर आहे ते पाहतो, आणि हे ठिकाण सोडून अन्यत्र गेल्यास सारे ठीक होईल असे त्याला वाटू लागते. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या कोणत्याही कचेरीत पडताळून पाहता येईल.

दुसरी मांडणी इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याची. त्याचे ‘आध्यात्मिक व्यायाम’ हे पुस्तक १५४८ साली छापले गेले. मनाच्या दोन अवस्था तो मानतो : एक आश्वासनाची, जीत श्रद्धा, आशा व प्रीती वाढतात; दुसरी उद्विग्नतेची, जीत मन कोरडे, जड व अंधारलेले होते. उद्विग्न अवस्थेत पूर्वीचा निश्चय बदलू नये, हा त्याचा प्रसिद्ध नियम होय. दिवसातून दोनदा मनाची झडती घ्यावी, असेही त्याने सांगितले. या शिस्तीचा महाराष्ट्राशी संबंध दूरचा नाही. मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारा फादर थॉमस स्टीफन्स हा येशूसंघाचाच साधू होता. १५७९ मध्ये तो गोव्यास आला आणि १६१६ साली त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण प्रसिद्ध झाले. इग्नेशियसच्या व्यायामातून तयार झालेले मन आणि मराठी ओवी यांची गाठ अशी पडली.

येथे एका वचनाविषयीच्या गैरसमजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. प्रत्येक विचाराला बंदिवान करून ख्रिस्ताच्या अधीन करावे, अशा आशयाचे पौलाचे वचन करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. त्याचा अर्थ पुष्कळदा असा लावला जातो की, दुःखाचा वा शंकेचा विचार उठताच तो दडपून टाकावा. पण संदर्भ पाहिल्यास तेथे पौल करिंथ येथील विरोधकांच्या युक्तिवादांविषयी बोलत आहे. कुतर्कांचे बुरूज पाडण्याची ती भाषा आहे, अश्रू कोंडण्याची नव्हे. दडपण्याच्या उपायाची निष्फळता तर आपल्या लोककथेलाही ठाऊक आहे. औषध घेताना माकड आठवू नकोस, असे वैद्याने बजावल्यावर रोग्याला माकडावाचून दुसरे काही आठवेना! डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्याची आज्ञा देऊन जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्षही या कथेला धरूनच आहे.

४. भावनेला वाचा

मग दडपण्याऐवजी काय करावयाचे? या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर स्तोत्रसंहितेत आहे. तिच्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापस्तोत्रे आहेत, असे अभ्यासक मानतात. त्यांची घडण बहुधा ठराविक असते : प्रथम देवाला हाक, मग गाऱ्हाणे, मग मागणे, आणि शेवटी विश्वासाचा उच्चार. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. विश्वासाचा उच्चार शेवटी येतो, आणि तो गाऱ्हाण्याच्या ऐवजी येत नाही, गाऱ्हाण्यानंतर येतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर तो येतच नाही, ते स्तोत्र अंधारातच संपते. तरीही ते संग्रहातून वगळले गेले नाही. ज्या दुःखाला अद्याप उत्तर सापडलेले नाही त्यालाही उपासनेत जागा आहे, असा याचा अर्थ होतो.

बेचाळिसाव्या आणि त्रेचाळिसाव्या स्तोत्रांत कवी स्वतःच्याच जिवाला उद्देशून तू असा खिन्न का, असे विचारतो. मराठी वाचकाला ही रीत ओळखीची आहे. समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ हे मनालाच केलेले संबोधन आहे, आणि तुकोबांचे मनाशी चाललेले भांडण तर सर्वश्रुतच आहे. मी आणि माझे मन यांत बोलण्याइतके अंतर निर्माण होणे, हे नियमनाचे पहिले पाऊल होय. माणूस दुःखात बुडालेला असतो तेव्हा त्याला दुःख दिसत नाही. त्याच्याशी बोलू लागला म्हणजे तो काठावर आलेला असतो.

या बाबतीत संत ऑगस्टीन (३५४–४३०) याचा स्वतःचा अनुभव बोधप्रद आहे. ३८७ साली ऑस्टिया येथे त्याची आई मोनिका वारली. तिचा मृत्यू ख्रिस्ती आशेत झाला असता रडणे शोभणार नाही, असे वाटून त्याने डोळ्यांतील पाणी बळेच आवरिले. पुढे एकांतात मात्र त्याने ते वाहू दिले आणि त्यानेच त्याला विसावा मिळाला. आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या नवव्या खंडात त्याने हे नमूद केले आहे. नंतर ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या चौदाव्या खंडात त्याने स्टोइक तत्त्वज्ञांच्या निर्विकारतेच्या आदर्शाची चिकित्सा केली. भय, इच्छा, दुःख आणि हर्ष हे चार विकार स्वतः चांगले वा वाईट नव्हेत. ज्या प्रीतीतून ते उद्भवतात ती सरळ असेल तर ते सरळ, वाकडी असेल तर वाकडे, असा त्याचा सिद्धान्त आहे. म्हणून राग आला हा प्रश्न गौण. कोणत्या प्रीतीला धक्का लागला म्हणून राग आला, हा मुख्य. मजुराची मजुरी बुडाली म्हणून येणारा राग आणि लग्नात आपल्याला पुढची खुर्ची मिळाली नाही म्हणून येणारा राग, यांतील भेद या कसोटीने स्पष्ट होतो. इफिसकरांस पत्रातील उपदेशही असाच आहे. राग येईल हे तेथे गृहीत धरले आहे. तो पातकाला कारण होऊ नये व सूर्यास्तापलीकडे टिकू नये, एवढीच मर्यादा घातली आहे.

भावनेच्या उद्रेकाची परीक्षा कशी करावी, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात मोठी धार्मिक जागृती झाली. शेकडो मुली व स्त्रिया मोठ्याने रडत, प्रार्थना करीत. अशा उद्रेकाला केवळ उन्माद म्हणून झिडकारणारे असतात, तसेच उद्रेकालाच ईश्वरी कृपेचे प्रमाण मानणारेही असतात. अमेरिकन धर्मचिंतक जोनाथन एडवर्ड्स याने १७४६ च्या आपल्या ग्रंथात दोन्ही पक्षांना उत्तर दिले होते. भावनेची तीव्रता हे तिच्या खरेपणाचे प्रमाण नव्हे आणि खोटेपणाचेही नव्हे. तिचे फळ आचरणात दिसते काय, हेच प्रमाण. रमाबाईंच्या चरित्राला ही कसोटी लावली असता निर्णय अवघड राहत नाही. आईवडील, बहीण, भाऊ व पती यांचा वियोग चोविसाव्या वर्षाच्या आत सोसलेल्या या स्त्रीच्या शोकाचे फळ १८९६–९७ च्या दुष्काळातून वाचविलेल्या मुलींच्या रूपाने उभे राहिले.

५. लक्ष्मीबाई टिळकांची साक्ष

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात विचार आणि भावना यांच्या परस्परसंबंधाचे सर्वांत प्रांजळ चित्रण कोठे आढळत असेल, तर ते लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या घटनेने लक्ष्मीबाईंवर जो आघात झाला तो त्यांनी लपविलेला नाही. काही वर्षे पतिपत्नींचे संसार वेगळे राहिले, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या कथेतील विटाळाची गोष्ट फार महत्त्वाची आहे. परक्याच्या हातचे पाणी नकोसे वाटणे ही लक्ष्मीबाईंच्या ठायी केवळ समजूत नव्हती, ती शरीरात मुरलेली भावना होती. उपदेशाने ती गेली नाही, टिळकांच्या आग्रहानेही गेली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला व त्याचे उत्तर स्वतः शोधले, तेव्हा ती भावना आपोआप सैल पडली. भावनेच्या मुळाशी असलेला विचार बाहेर काढून तो खरा की खोटा हे तपासल्याने भावना कशी पालटते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. मेतानोइया या शब्दाचा मूळ अर्थ येथे चरितार्थ झाला आहे.

लक्ष्मीबाईंचे दुसरे साधन म्हणजे विनोद. टिळकांचा तापट स्वभाव, घरातील ओढाताण, स्वतःची फजिती यांची हकिकत त्या अशा रीतीने सांगतात की, दुःख नाकारले जात नाही, पण त्याची सत्ता कमी होते. विनोद म्हणजे दुःखापासून योग्य अंतरावर उभे राहण्याची कला होय. धर्मोपदेशकांच्या ग्रंथांत तिचा उल्लेख क्वचित येतो. मराठी घरांत मात्र तिनेच पुष्कळांना तारले आहे. टिळकांचे स्वतःचे साधन अभंग होते. ‘उपासनासंगीत’ या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची अनेक पदे असून, पेटी आणि तबल्याच्या साथीने ती आजही गाइली जातात. एकट्याला जे बोलता येत नाही ते दहा जणांच्या आवाजात मिसळून गाता येते, हा भजनाचा गुण ख्रिस्ती मराठी माणसाने आपल्या वारकरी शेजाऱ्याकडून उचलला.

६. आधुनिक मानसशास्त्राशी तुलना

प्रसंगापेक्षा प्रसंगाविषयीचा आपला ग्रह अधिक पीडा देतो, हे स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचे मत होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस याने १९५५ च्या सुमारास या तत्त्वाच्या आधारे विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आणि १९६० नंतरच्या दशकात ॲरन बेक याने उदासीनतेच्या विकारावर बोधात्मक उपचार विकसित केले. रुग्णाच्या मनात आपोआप उठणारे विचार टिपावयाचे, त्यांचा पुरावा तपासावयाचा, आणि त्यांच्या जागी अधिक यथार्थ विचार आणावयाचा, असा त्या उपचारांचा क्रम आहे. एवाग्रियसने प्रत्येक त्रासदायक विचाराला शास्त्रवचनाचे उत्तर जुळवून एक संपूर्ण ग्रंथ रचिला होता, त्याच्याशी या क्रमाचे बाह्य साम्य उघड आहे.

तथापि भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत. पहिला भेद साध्याविषयी. उपचारशास्त्राचे साध्य पीडेचा परिहार हे आहे. ख्रिस्ती साधनेचे साध्य देवावरील व शेजाऱ्यावरील प्रीती हे आहे, आणि तीसाठी प्रसंगी पीडा पत्करावीही लागते. दुसरा भेद साधनाविषयी. उपचारात विचाराला विचाराने उत्तर दिले जाते. ख्रिस्ती परंपरेत त्यासोबत प्रार्थना, समाज आणि सेवा यांचीही योजना आहे. तिसरा भेद प्रमाणाविषयी. उपचारपद्धतीची परिणामकारकता प्रयोगांनी मोजता येते व मोजली गेली आहे. श्रद्धेचा दावा या मापाने सिद्ध होत नाही, खंडितही होत नाही. म्हणून एकीने दुसरीची जागा घ्यावी, असे म्हणणे दोघींवरही अन्याय करणारे ठरेल.

७. मर्यादा आणि उपयोग

आता कोडोलीकडे वळू. वारणा-पंचगंगेच्या खोऱ्याने २०१९ आणि २०२१ या दोन वर्षांत महापूर पाहिले. मध्यंतरी २०२० पासून करोनाच्या साथीत अनेक कुटुंबांना आपल्या माणसांचे अंत्यदर्शनही घडले नाही. ऊस वेळेवर तुटेल की नाही, बिल केव्हा निघेल, मुलाला नोकरी लागेल काय, या चिंता तर बारमाही आहेत. अशा जीवनात मंडळीच्या सभेतील ‘साक्ष’ या प्रघाताचा विचार करावा. साक्ष देणारा मनुष्य बहुधा संकट, प्रार्थना आणि सुटका या तीन टप्प्यांत बोलतो. हा प्रघात उत्तम आहे. पण सुटका झालेलेच तेवढे उभे राहू लागले, तर ज्याची सुटका अद्याप झाली नाही तो मागच्या बाकावर बसून आपल्यातच काही खोट आहे असे मानू लागतो. स्तोत्रसंहितेने विलापाला जी जागा दिली ती सभेने काढून घेतली, असे मग होते. महिन्यातील एक प्रार्थनासभा केवळ गाऱ्हाण्यांसाठी राखणे, उत्तरे न देता ती ऐकणे आणि विलापस्तोत्रे वाचणे, एवढा उपक्रम कोणत्याही मंडळीला खर्चाविना करता येईल.

याहूनही गंभीर प्रश्न व्याधीचा आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात झुडुपाखाली बसून मरण मागतो. त्याला देवदूत कोणता उपदेश करतो? प्रथम कोणताच नाही. तो त्याला भाकर व पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. बोलणे फार पुढे होते. शरीर थकलेले असता मनाला उपदेश लागू पडत नाही, ही जाणीव त्या प्राचीन कथाकाराला होती. तिचा आजचा अर्थ असा की, दोन आठवडे वा अधिक काळ झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, कशातच रस वाटेनासा झाला, किंवा जगणे नको असे वाटू लागले, तर तो प्रश्न एकट्या पाळकाचा राहत नाही. तेथे वैद्याकडे जाणे हा अविश्वास नव्हे. मिरजेस डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारिले, ते प्रार्थना निष्फळ वाटली म्हणून नव्हे. शस्त्रक्रिया आणि प्रार्थना एकाच छपराखाली राहू शकतात, अशी त्यांची श्रद्धा होती. शरीराच्या बाबतीत जे तत्त्व या भागातील ख्रिस्ती समाजाने शंभर वर्षांपूर्वी मान्य केले, ते मनाच्या बाबतीत मान्य करण्यास संकोच का असावा?

संकोचाची किंमत मोठी आहे. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांतील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि उदासीनता, चिंताविकार यांसारख्या सामान्य विकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते, असे आढळले. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता. तरी येथील चित्र फार निराळे असेल असे मानण्यास आधार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणे हा हक्क ठरविला आहे, आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य सल्ला देते. उपासनामंदिराच्या सूचनाफलकावर उपासनेच्या वेळेशेजारी हा क्रमांक लिहिण्यास फार तर पाच मिनिटे लागतील.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. ख्रिस्ती परंपरेत मनोनियमन म्हणजे भावनांचा नाश नव्हे, त्यांना योग्य प्रीतीच्या दिशेने वळविणे होय. विचार मनात येणे हा अपराध नाही. तो ओळखणे, त्याला नाव देणे आणि त्याला ठाण मांडू न देणे, हे साधकाचे काम आहे. शोकाला प्रथम वाचा मिळाली पाहिजे; आश्वासन त्यानंतरचे. भावनेची पारख तिच्या जोराने न करता तिच्या फळाने करावी. आणि जेथे व्याधी आहे तेथे औषध हेही कृपेचेच साधन मानावे.

मराठी भाषेने या विचाराला अंतःकरण, कळवळा आणि पश्चात्ताप हे तीन मोलाचे शब्द दिले. पैकी तिसऱ्या शब्दातील तापावर आपण पुष्कळ भर दिला. मागाहून येणाऱ्या पालटावर तितका दिला नाही. दुःखी माणूस दाराशी येतो तेव्हा त्याच्या तापाचे मोजमाप करण्यापेक्षा त्याला वळण्यास वाट आहे, हे दाखविणे अधिक अगत्याचे आहे. ही वाट कधी प्रार्थनेच्या खोलीतून जाते, कधी रुग्णालयाच्या दारातून. पुष्कळदा ती दोन्हींतून जाते. कोडोलीत ही दोन्ही दारे एकाच गावी आहेत.